'गोळ्या घेता ना?' : डिचोली तालुक्यातल्या एका दवाखान्यातलं प्रकरण

हे प्रकरण माझ्या दवाखान्यातलं आहे आणि त्यातली चूक माझी आहे. मावशींना विचारून लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे, घरच्या एकदोन गोष्टी बदलल्या आहेत. रक्तदाबाचे आकडे आणि औषधं केसपेपरवरची आहेत. आमचं बोलणं नंतर मावशी आणि त्यांची सून यांच्याबरोबर बसून, आठवून, ताडून घेतलं आहे.

मावशी ६४ वर्षांच्या. घराभोवती कुळागर, माडपोफळींची कामं अजून स्वतः बघतात. मुलगा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, सून अंगणवाडीत. यजमान पाच वर्षांपूर्वी गेले. मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत, गोवा मुक्तीनंतर गावोगावी ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्यांतल्या एका शाळेत. मराठी वर्तमानपत्र त्या रोज वाचतात, श्रद्धांजलीच्या जाहिरातींसकट. हे मला चौदा महिने ठाऊक नव्हतं, आणि या प्रकरणात त्याला महत्त्व आहे.

जुलै महिन्यात त्या पहिल्यांदा आल्या. डोकं जड होतं, मधूनच गरगरतं, एवढीच तक्रार. रक्तदाब १६८/९८. आठवड्याने पुन्हा बोलावून मोजला, १६४/९६. ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी सकाळी एक अशी सुरू केली. ऑगस्टमध्ये १३८/८६. मी खूश झाले, त्याही झाल्या.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा १६६/९८. डिसेंबरमध्ये १७०/९८, तेव्हा टेल्मिसार्टन ४० वाढवली. एप्रिलमध्ये १७२/१००, तेव्हा तिसरी, लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी क्लोरथॅलिडोन १२.५. जूनमध्ये १६०/९४, ऑगस्टमध्ये १६६/९६. एकूण नऊ भेटी, तीन औषधं, आणि प्रेशर जवळजवळ जिथल्या तिथे. केसपेपरवर मी लिहिलं होतं, 'औषधांना दाद नाही. मोठ्या इस्पितळात पाठवण्याचा विचार.'

हे आकडे आज ओळीने वाचले की कोणीही विचारील, पहिल्याच महिन्यात जी गोळी लागू पडली ती तिसऱ्या महिन्यात निकामी कशी झाली? गोळी अशी अचानक हरत नाही. बहुतेक वेळा ती पोटात जायचीच थांबलेली असते. दीर्घ आजारांत निम्म्याच्या आसपास रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेत नाहीत, आणि हे श्रीमंत देशांतलं प्रमाण आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच सांगून ठेवलं आहे. मी ते वाचलेलं होतं. माझ्यासमोर बसलेल्या मावशींना ते मी लावलं नाही, कारण मी त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी 'हो' म्हटलं होतं.

कसं विचारलं होतं, ते इथे देते. ही डिसेंबरची भेट. बाहेर बाकावर दहाबारा माणसं, मावशींची साडेअकराची बस, मी हाताला पट्टा गुंडाळते आहे.

"गोळ्या घेता ना, मावशी?"

"घेते."

"रोज?"

सून म्हणाली, "घेतात हो. दर महिन्याला मीच आणून देते."

"मीठ कमी केलंय ना?"

"हो. वरून घेत नाही."

"बाकी काही त्रास नाही ना?"

मावशी एकदा सुनेकडे बघतात. "नाही."

"बरं. मग एक गोळी वाढवते हां."

सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत.

आता यातला 'ना' बघा. मराठीत वाक्याच्या शेवटी 'ना' लावला की तो प्रश्न राहत नाही. उत्तर आपण आधीच ठरवलेलं असतं, समोरच्याने फक्त मान डोलवायची असते. 'जेवलात ना?' म्हटल्यावर उपाशी माणूससुद्धा 'हो' म्हणतो. तिथे 'नाही' म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याला खोटं पाडणं. वडीलधाऱ्या, भिडस्त बाईने डॉक्टरला खोटं पाडावं, आणि तेही सुनेसमोर, ही अपेक्षाच गैर आहे. मी तीन प्रश्न विचारले, तिन्हींच्या शेवटी 'ना' होता आणि तिन्ही उत्तरं मला हवी तशीच मिळाली. चौथा प्रश्न 'रोज?' हा त्यातल्या त्यात खरा होता. त्याचं उत्तर मावशींनी दिलंच नाही, सुनेने दिलं, आणि तिने दिलं ते गोळ्या आणण्याचं, घेण्याचं नव्हे. माझ्या ते लक्षात आलं नाही, कारण तोवर स्टेथोस्कोप माझ्या कानांत होता.

एका शब्दाने किती फरक पडतो याचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत डॉक्टरांचे दोन गट केले होते. एकाने भेटीत विचारायचं, 'आणखी काही आहे का?' तेही इंग्रजीतल्या अशा शब्दाने, की ज्याचा कल 'नाही'कडे असतो. दुसऱ्याने तोच प्रश्न 'होय'कडे झुकणारा शब्द घालून विचारायचा. दुसऱ्या गटात, मनात आणलेली पण बोलायची राहून गेलेली गाऱ्हाणी ७८ टक्क्यांनी कमी झाली, आणि भेटीची वेळ काही वाढली नाही. इंग्रजीतली ती जोडी मराठीत जशीच्या तशी आणता येत नाही. आपल्याकडे ती 'बाकी काही त्रास नाही ना?' आणि 'आणखी काय सांगायचं राहिलंय?' अशी असावी. पहिल्यात दार ओढून घेतलेलं आहे. दुसऱ्यात काहीतरी राहिलं असणारच हे डॉक्टरने आधीच मान्य केलेलं आहे.

त्या वर्षी चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी, मुलगा आठवडाभर सुटी काढून घरी होता. आईच्या तीन-तीन गोळ्या चालू आहेत आणि तरी प्रेशर उतरत नाही, हे ऐकून तो घाबरला. त्याने चिठ्ठी घेतली, डबी केली आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने तिन्ही गोळ्या आईला द्यायला लागला. त्याने केलं ते प्रेमाने केलं आणि माझ्या चिठ्ठीप्रमाणे केलं. चौथ्या दिवशी तय होती. चवथीच्या आदल्या दिवशीचा तो उपवास मावशींनी आयुष्यात कधी मोडलेला नाही. गोळ्या घेऊन, पोटात काही नसताना, त्या पहाटेपासून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांचं, सामान लावत होत्या. न्हाणीतून उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली आणि त्या पडल्या. उजवं मनगट मोडलं. १०८ आली तेव्हा रक्तदाब ९२/५८ होता. इस्पितळात रक्त तपासलं, सोडियम १२६. ते १३५ च्या खाली असता कामा नये.

ज्या शरीराने चौदा महिन्यांत तीन औषधं एकत्र कधी घेतलीच नव्हती त्याला ती एकदम मिळाली. वर उपवास. मनगटावरच भागलं हे नशीब. त्या चिठ्ठीवर सही माझी आहे.

प्लास्टर घालून तीन आठवड्यांनी मावशी आल्या. मी त्यांना रविवारी दुपारी बोलावलं होतं, दवाखाना बंद असताना. घरात असतील तेवढी सगळी औषधं घेऊन या, असं मुलाला फोनवर सांगितलं होतं. मुलगा बाहेर थांबला. मावशींनी डाव्या हाताने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, पूर्वी दिवाळीत यायचे तसला चौकोनी, कडांना गंज धरलेला. झाकण मी उघडलं. आत गोळ्यांच्या पट्ट्या रबर लावून नीट रचून ठेवलेल्या होत्या, नोटांची पुडकी ठेवावीत तशा. मी त्या टेबलावर मांडल्या. न उघडलेल्या पट्ट्या ४१, त्यांतल्या २६ ॲम्लोडिपिनच्या. उघडलेल्या पट्ट्यांतून दोनचार गोळ्या गेलेल्या, एका पट्टीतून तर फक्त अर्धी, उरलेली अर्धी कागदात गुंडाळून परत तिथेच.

मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर काय विचारावं तेच सुचलं नाही. मावशीच बोलायला लागल्या. दवाखान्यात त्या मला नेहमी 'तुम्ही' म्हणत. त्या दिवशी दुसऱ्या की तिसऱ्या वाक्यापासून 'तू' आणि 'बाय' सुरू झालं, आणि तिथून खरं बोलणं सुरू झालं.

"फेकवत नाहीत गं. पैशाच्या वस्तू. आणि आणल्या नाहीत तर पोर विचारील."

"पहिल्या महिन्यात घेतल्या होत्या?"

"सगळ्या. एक चुकवली नाही. मग पाय सुजायला लागले." त्यांनी डावा हात घोट्याशी नेला. "संध्याकाळी बोट दाबलं की खळगा पडायचा. ह्यांचे पण असेच सुजले होते, बाय. अस्सेच. आधी पाय, मग तोंड, मग किडनी गेली म्हणाले. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ते पण गोळ्याच खायचे आधी. मुठी-मुठीने."

"मला का सांगितलं नाही?"

त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही.

"मी त्या दिवशी सांगणार होते. ऑक्टोबरात. बाहेर बाकावर बसले होते. आत तू एका माणसाला बोलत होतीस. त्याने साखरेच्या गोळ्या बंद केल्या होत्या. तू म्हणालीस, मनासारखंच करायचं तर माझ्याकडे येऊ नका. आम्ही सगळी ऐकत होतो. तो बाहेर आला तेव्हा कोणी त्याच्याकडे बघेना."

माझ्या खोलीला दार आहे, पण उन्हाळ्या-पावसाळ्यात हवा यावी म्हणून मी पडदाच लावत असे. तो माणूस मला आठवत होता. मी रागावले ते काळजीपोटी, असं मी आजवर समजत आले. त्या पडद्यापलीकडे बसलेल्या दहाबारा माणसांना त्या दिवशी मी शिकवलं ते एवढंच की इथे खरं बोललं तर काय होतं.

मग गोळ्या अजिबात घेतल्याच नाहीत का? घेतल्या. "प्रेशर आलं की घ्यायचे." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेन, पण त्यातल्या क्रियापदाकडे त्या दिवशी प्रथम लक्ष गेलं. आपण म्हणतो ताप आला, खोकला आला, प्रेशर आलं. जे येतं ते जातंही. आल्यावर गोळी, गेल्यावर बंद. तापाच्या गोळीचा हा नियम आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, आणि तो तापापुरता बरोबरही आहे. मी 'प्रेशरची गोळी' म्हणत होते, त्या 'डोकेदुखीची गोळी' ऐकत होत्या. घरात वाजलं, डोकं गरगरलं, की डब्यातून हाताला येईल ती एक. बरं वाटायला लागलं की अर्धीच. बहुतेक माणसांना रक्तदाब वाढल्याचं काहीच जाणवत नाही, हे मी एकदाही उच्चारलं नव्हतं. माझ्या लेखी ते इतकं उघड होतं, की सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही.

एक गोष्ट मला फार लागली. एप्रिलमध्ये तिसरी गोळी देण्याआधी मी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी), लघवी, पोटॅशियम सगळं तपासून घेतलं होतं. क्रिएटिनिन ०.९. मी कागद उलटून म्हटलं, "रिपोर्ट चांगले आहेत." मावशींना कसले रिपोर्ट ते ठाऊक नव्हतं. "तुमची किडनी उत्तम आहे," हे चार शब्द त्या दिवशी माझ्या हातातल्या कागदावर छापलेले होते. ज्या बाईने नवऱ्याला किडनीने जाताना बघितलं तिला ते ऐकवायला मला पाच सेकंद लागले असते.

यजमान कशाने गेले हेही माझ्या केसपेपरवर नव्हतं असं नाही. होतं. 'पती मयत, किडनी.' कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात. त्या रकान्याकडे आम्ही रक्ताच्या नात्यातून काय आजार आला ते बघायला जातो. पती रक्ताचा नातेवाईक नाही, म्हणून ती नोंद निरुपयोगी म्हणून तिथेच पडून होती. आजाराचा वारसा रक्तातून येतो, भीतीचा घरातून येतो. आम्हाला इतिहास घ्यायला शिकवला तो रोगाचा माग काढायला, आणि तो नीट शिकवला. रुग्णाला कशाची भीती वाटते हे विचारायला कोणी शिकवलं नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात देशभर संवादकौशल्याचा वेगळा भाग आला आहे, नवी मुलं ते शिकून येतील. आम्ही जे आधीच खुर्चीत बसलो आहोत त्यांना ते रविवारी दुपारी शिकावं लागेल.

त्या दुपारी पुढे काय केलं ते सांगते. आधी पायांचा उलगडा केला. ॲम्लोडिपिनने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपून घोट्याशी साठतं, संध्याकाळी जास्त दिसतं, गोळी बंद केली की उतरतं. किडनीशी त्याचा संबंध नाही. एप्रिलचा कागद काढून ०.९ वर बोट ठेवलं, शेजारी नवा कागद ठेवला, पडल्यानंतरचा, त्यातही ०.९. मावशींनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि दोन्ही आकडे स्वतः वाचले. तेव्हा मी विचारलं, "वाचता येतं?" त्यांनी थोडं रागानेच पाहिलं. चौदा महिने मी ज्यांना इंग्रजीतली चिठ्ठी देत होते, '१-०-०' अशा खुणांची, त्या रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचत होत्या.

ॲम्लोडिपिन बंद केली. क्लोरथॅलिडोन इस्पितळात बंद झालीच होती. एकच गोळी ठेवली, टेल्मिसार्टन ४०, तिने सहसा पाय सुजत नाहीत. कागदावर देवनागरीत लिहिलं, 'रोज सकाळी पेज जेवायच्या आधी एक. बरं वाटलं तरी. उपवास असला तर फोन करून विचारणे.' सकाळी दहाच्या पेजेची वेळ त्या घरात घड्याळापेक्षा पक्की आहे.

मिठाचंही पुन्हा विचारलं, पण या वेळी 'कमी केलं ना' असं नाही. "काल उठल्यापासून काय काय खाल्लं ते सांगा." सकाळी चहा आणि उंडो (पाव). मग पेज, तिच्याबरोबर मिठाच्या पाण्यातलं तोर (कैरी). दुपारी शीत (भात), हुमण (माशांचं कालवण), सुक्या सुंगटांची किसमूर (वाळवलेल्या कोळंबीची कोशिंबीर). रात्री पुन्हा शीत आणि दुपारचं हुमण, तोंडी लावायला भाजलेला खारा बांगडा. वरून मीठ खरोखरच नाही. त्या खोटं बोलल्याच नव्हत्या, माझा प्रश्नच मिठाच्या बरणीपाशी थांबला होता. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण एका तोराने आणि एका खाऱ्या बांगड्यानेच ओलांडलं जाऊ शकतं. पावसाळ्यात मासळी नसताना खारं हाच आधार असतो, तेव्हा सगळं बंद करा म्हणणं म्हणजे पुन्हा त्यांना 'हो' म्हणायला लावणं होतं. ठरवलं ते असं की तोर धुऊन अर्धं, खारा बांगडा आठवड्यातून एकदा, किसमूर सणावारी.

शेवटी मी म्हटलं, "मावशी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सून विचारील काय म्हणाली डॉक्टर, तर काय सांगाल?"

"सांगेन, एकच गोळी. रोज. किडनी चांगली आहे." थोडं थांबून, "आणि सकाळी बरं वाटलं तर अर्धी."

वीस मिनिटं बोलून झाली होती आणि अर्धी गोळी अजून तिथेच होती. मला वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं, कारण या वेळी ती डब्यात न जाता माझ्यासमोर आली होती. पुन्हा सांगितलं. कुळागराचं उदाहरण त्यांनीच काढलं, शिंपणं पोफळ सुकल्यावर करत नाहीत, म्हणाल्या. मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

वेळेचा मुद्दा राहतो, आणि तो खरा आहे. सकाळच्या सत्रात चाळीस-पन्नास माणसं असतात, प्रत्येकाला रविवारची दुपार देता येत नाही. पण स्वित्झर्लंडमधल्या एका इस्पितळात ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिलं, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंद बोलले, असं २००२ साली प्रसिद्ध झालेलं आहे. दर पाचांतल्या जवळपास चौघांचं दोन मिनिटांत आटपलं. माझ्या नऊ भेटी तीन-तीन मिनिटांच्या धरल्या तरी सत्तावीस मिनिटं होतात. त्या मिनिटांत मी मावशींचं प्रेशर नऊ वेळा मोजलं. ती वेळ मी वाचवली असं मला आता म्हणवत नाही.

दवाखान्यात बदललं ते थोडंच आहे. पडदा काढला, आता दार लावून घेते, पंखा वाढवला. हाताला पट्टा बांधलेला असताना मी बोलत नाही. सोबत आलेल्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगते. सुनांना याचा राग येईल असं वाटलं होतं, बहुतेकींना सुटका वाटते. गोळ्यांबद्दल मी आता असं विचारते, "गोळ्या सगळ्यांच्याच चुकतात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती चुकल्या?" जीभ अजून 'ना'कडे वळते. चाळीसाव्या पेशंटला तो तोंडातून गेलेला असतो, मग प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

मावशी डिसेंबरात आल्या तेव्हा रक्तदाब १३६/८४ होता, पायांना सूज नाही. मार्चमध्ये आल्या तेव्हा १४२/८६. मी पट्टा सोडला आणि विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "दोन चुकल्या, बाय. शिवरात्रीला हरवळेला गेले होते, रात्री भावाकडेच राहिले. गोळ्या घरी."

मी केसपेपरवर लिहिलं, '२ चुकल्या, हरवळे.' त्या वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "हरवळें असं लिही. शेवटी टिंब आहे."